विशेषणांचा तरतमभाव शिकवणारा लातूरचा एक छोटा वर्ग

लातूरच्या ट्यूशन एरियात, नीट आणि जेईईच्या मोठमोठ्या फलकांच्या मागे, एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी व्याकरणाचा एक छोटा वर्ग भरतो. त्याला पाटी नाही. विद्यार्थी एकमेकांकडून ऐकून येतात. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम येथे व्याकरणाचे एकेक प्रकरण स्वतंत्र घटक म्हणून शिकवतात. प्रत्येक घटकाचे शुल्क वेगळे असते आणि ज्याला जे प्रकरण कच्चे वाटते त्याने तेवढेच घ्यावे, अशी मुभा असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘मोर टॉलर’, ‘व्हेरी बिगर’ आणि ‘टॉल दॅन’ या चुका वर्षानुवर्षे लाल शाईने खोडूनही त्या पुन्हा उगवतात, म्हणून मी विशेषणांच्या तुलनेचा घटक मुद्दाम निवडला. शुल्क ६०० रुपये असून त्यातच एक सरावपुस्तिका मिळते. पुढील अभिप्राय या एका घटकापुरताच आहे; काळ, प्रयोग किंवा शब्दयोगी अव्यये तेथे कशी शिकवतात, याबद्दल मी बोलणार नाही.

हा घटक घेण्यासारखा आहे, हे मी आरंभीच सांगतो. त्याचे कारण असे की, येथे ‘ई-आर’ आणि ‘ई-एस-टी’ हे प्रत्यय फळ्यावर येण्याआधी एक प्रश्न येतो आणि तो शेवटच्या तासापर्यंत सुटत नाही. तुलना कोणाची, कोणाशी आणि कशाबाबत? आपल्याकडे हे प्रकरण बहुतेक ठिकाणी तीन रकान्यांच्या तक्त्याने सुरू होते आणि त्या तक्त्याच्या पाठांतरानेच संपते. मुलाला ‘गुड, बेटर, बेस्ट’ या तुलनेच्या तीन अवस्था घडाघडा म्हणता येतात. परंतु ‘बेटर’ लिहिल्यावर वाक्यात दुसरा कोणीतरी असावा लागतो आणि ‘बेस्ट’ लिहिल्यावर एक गट असावा लागतो, ही जाणीव त्याला कोणी करून दिलेली नसते.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिले : ‘बीड इज द बिगेस्ट डिस्ट्रिक्ट इन मराठवाडा’. बरोबर की चूक, एवढेच त्यांनी विचारले. वर्गात सर्व आठ जिल्ह्यांची नसली तरी चार-पाच जिल्ह्यांची मुले होती, त्यामुळे वाद लगेच पेटला. छत्रपती संभाजीनगरची मुले म्हणाली की आमचा जिल्हा मोठा. बीडचा एक मुलगा आपल्या जिल्ह्यासाठी हिरीरीने भांडू लागला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “अरे, कशात मोठा ते सांगा की आधी.” मग आकडे आले. क्षेत्रफळ पाहिले तर बीड सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर, नांदेड सुमारे १०,५०० आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे १०,१००, म्हणजे बीडच मोठा. लोकसंख्या पाहिली तर २०११ च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगर जिल्हा ३७ लाखांच्या घरात आणि बीड जेमतेम २६ लाखांच्या आसपास, म्हणजे क्रम उलटा. “मॅडम, आमचा तर दोन्हींत लहानच आहे,” असे हिंगोलीची एक मुलगी म्हणाली, आणि मॅडमनी तिच्याच वाक्यावरून ‘द स्मॉलेस्ट’ फळ्यावर आणले, कारण हिंगोलीच्या बाबतीत कोणत्याही मापाने उत्तर बदलत नाही. ‘इन एरिया’ आणि ‘इन पॉप्युलेशन’ हे शब्द वाक्याच्या शेवटी का जोडावे लागतात, हे त्या दिवशी कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे सांगतो, व्याकरणाचा तास असा सुरू होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

त्यानंतरचा भाग मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सर्वाधिक मोलाचा आहे. मराठीत आपण तुलना करतो तेव्हा विशेषणाला हात लावत नाही. ‘रमेश उंच आहे’ आणि ‘रमेश सुरेशपेक्षा उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘उंच’ जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सगळा भार सुरेशला लागलेल्या ‘पेक्षा’वर पडतो. इंग्रजीत मात्र भार दोन ठिकाणी पडतो : विशेषणाचे रूप बदलावे लागते आणि त्यापुढे ‘दॅन’ही यावे लागते. ‘रमेश इज टॉल दॅन सुरेश’ असे लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो. तो आपल्या भाषेची सवय प्रामाणिकपणे पाळत असतो, आणि हे एकदा त्याला समजले की चूक पकडणे त्याच्याच हाती येते. ‘मोर टॉलर’चेही तसेच आहे. आपण ‘अजून उंच’, ‘जास्त उंच’ असे म्हणतो, म्हणून इंग्रजीतही आधी ‘मोर’ सुचते आणि मग पाठ केलेला प्रत्यय वर चढतो. ‘खूप मोठा’ची सवय ‘व्हेरी बिगर’मध्ये उतरते, तेथे ‘मच बिगर’ किंवा ‘फार बिगर’ लागते. मॅडम प्रत्येक चुकीला अशी जन्मकथा देतात आणि ती चूक करणाऱ्याला लाज वाटू देत नाहीत.

याच ओघात त्यांनी संस्कृतातील ‘तर’ आणि ‘तम’ प्रत्ययांची आठवण करून दिली. लसावि आणि मसावि शिकलेल्या प्रत्येक मुलाला ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ हे शब्द ठाऊक असतात. ते इंग्रजीतील तिसऱ्या अवस्थेचेच काम करतात, हे मात्र कोणी जोडून दाखवत नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतील ‘इष्ठ’ हा प्रत्यय आणि इंग्रजीतील ‘ई-एस-टी’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, हे ऐकून वर्गात चुळबुळ थांबली. ‘श्रेष्ठ’मध्ये तुलना आधीच पूर्ण झालेली असूनही आपण ‘श्रेष्ठतम’ म्हणतो, तसाच ‘मोर बेटर’ हा दुहेरी प्रकार आहे, ही तुलना चपखल आहे. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हे कशाला, असे कोणी विचारेल; पण माझ्या मते ‘मोर बेटर’ ही चूक कायमची सुटण्यासाठी त्या दहा मिनिटांचा जितका उपयोग झाला, तितका पानभर सरावाचाही झाला नसता.

रूपे बनवण्याचे नियम झटपट होतात आणि ते योग्यच आहे. एकस्वरी छोट्या शब्दांना प्रत्यय, लांब शब्दांना ‘मोर’ आणि ‘मोस्ट’. ‘वाय’ने संपणाऱ्या ‘हेवी’, ‘इझी’, ‘ड्राय’ यांत ‘वाय’च्या जागी ‘आय’. ‘हॉट’, ‘बिग’, ‘थिन’ यांत शेवटचे अक्षर दोनदा, पण ‘चीप’ आणि ‘डीप’ यांत दोन स्वर लागोपाठ असल्यामुळे एकदाच. ‘क्लेव्हर’, ‘सिंपल’, ‘नॅरो’ यांसारख्या शब्दांना दोन्ही पद्धती चालतात, हेही त्या सांगतात; नाहीतर परीक्षेत दोन पर्याय बरोबर दिसले की मुले गोंधळतात.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ आणि ‘प्रायर’ या लॅटिनमधून आलेल्या शब्दांपुढे ‘दॅन’ न येता ‘टू’ येतो, हा भाग परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि तो नीट होतो. सरकारी कार्यालयात ‘तो मला सीनिअर आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. त्यातील ‘मला’ लक्षात ठेवा म्हणजे ‘टू’ विसरणार नाही, ही मॅडमची खूण मी आता माझ्या शाळेत वापरतो. ‘एल्डर’बद्दलही त्या नेमके सांगतात. हा शब्द नात्यातील माणसांसाठी असतो, नामाच्या आधी येतो आणि त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही. म्हणून ‘माय एल्डर ब्रदर’ बरोबर, परंतु वाक्यात तुलना करायची झाल्यास ‘ही इज ओल्डर दॅन मी’ असेच म्हणावे लागते.

घटकाचा कळस म्हणावा असा तास ‘एनी अदर’चा होता. ‘द गोदावरी इज लाँगर दॅन एनी रिव्हर इन साउथ इंडिया’ हे वाक्य कानाला ठीक वाटते. गोदावरी १,४६५ किलोमीटर लांब आहे, दक्षिण भारतात तिच्याहून लांब नदी नाही, मग चुकले कोठे? चुकले ते असे की, गोदावरी स्वतःच दक्षिण भारतातील नदी आहे, त्यामुळे या वाक्यानुसार ती स्वतःहूनही लांब ठरते. तिला त्या गटातून बाजूला काढण्यासाठी ‘अदर’ लागतो. येथवर अनेक पुस्तके पोहोचतात. मॅडमनी पुढचे पाऊल टाकले आणि गोदावरीच्या जागी गंगा लिहिली. ‘द गंगा इज लाँगर दॅन एनी रिव्हर इन साउथ इंडिया’ या वाक्यात ‘अदर’ घालायचा की नाही? निम्म्या वर्गाने पाठांतराच्या जोरावर हात वर करून ‘घालायचा’ असे सांगितले. परंतु गंगा त्या गटात मुळातच नाही, म्हणून तेथे ‘अदर’ घातला तर गंगा दक्षिणेत येऊन बसते. नियम पाठ असणे आणि नियम कळणे यांत किती अंतर असते, ते या दोन वाक्यांनी जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही व्याख्येने केले नसते, आणि केवळ या तासासाठी मी शुल्क पुन्हा भरायला तयार आहे.

त्याला जोडूनच सारख्याची तुलना सारख्याशी करण्याचा मुद्दा येतो. ‘लातूरचा उन्हाळा मुंबईपेक्षा कोरडा’ असे मराठीत बोलले तर कोणी अडवत नाही, ऐकणारा उरलेले समजून घेतो. इंग्रजी परीक्षेत मात्र ‘द समर ऑफ लातूर इज ड्रायर दॅन मुंबई’ हे वाक्य उन्हाळ्याची तुलना शहराशी करते म्हणून चूक ठरते आणि तेथे ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ असे लिहावे लागते. चूक शोधण्याच्या प्रश्नांत हा सापळा वारंवार लावलेला असतो.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यातली पहिली मला गंभीर वाटते. वाक्याची अवस्था बदलण्याचा, म्हणजे अर्थ न बदलता पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत जाण्याचा भाग शेवटच्या आठवड्यात येतो. तोपर्यंत अर्थावर उभा असलेला वर्ग येथे अचानक सूत्रांवर येतो. ‘वन ऑफ द’ दिसले की ‘व्हेरी फ्यू’, ‘नो अदर’ दिसले की ‘दॅन एनी अदर’ अशी जोडी-जोडीची यादी फळ्यावर लिहिली जाते आणि घाईघाईत उतरवून घेतली जाते. यादी चूक नाही. ‘जायकवाडी इज वन ऑफ द लार्जेस्ट डॅम्स इन महाराष्ट्र’ याचे ‘व्हेरी फ्यू डॅम्स इन महाराष्ट्र आर ॲज लार्ज ॲज जायकवाडी’ आणि ‘जायकवाडी इज लार्जर दॅन मोस्ट अदर डॅम्स इन महाराष्ट्र’ असे रूपांतर यादीप्रमाणे बरोबर येते, आणि ‘वन ऑफ द’पुढे ‘डॅम्स’ असे अनेकवचन हवे, हेही बजावून सांगितले जाते. पण यादीने काम चालवले की ‘ॲज-ॲज’च्या वाक्यात घात होतो, आणि तो घात सरावपुस्तिकेच्या उत्तरसूचीतच झालेला आहे.

पुस्तिकेतील एका प्रश्नात ‘सुनीता इज ॲज टॉल ॲज मीना’ हे वाक्य दुसऱ्या अवस्थेत बदलायचे आहे आणि मागे दिलेले उत्तर ‘सुनीता इज नॉट टॉलर दॅन मीना’ असे आहे. हे उत्तर चूक आहे. मूळ वाक्य सांगते की सुनीता मीनाएवढी उंच आहे, म्हणजे ती मीनापेक्षा कमी नाही. दिलेले उत्तर एवढेच सांगते की सुनीता मीनापेक्षा जास्त नाही. ती मीनापेक्षा हातभर बुटकी असली तरी ते वाक्य खरेच राहील. योग्य रूपांतरात नावांची जागा बदलावी लागते : ‘मीना इज नॉट टॉलर दॅन सुनीता’. त्याच पानावर ‘नांदेड इज नॉट ॲज लार्ज ॲज बीड’ याचे उत्तर ‘बीड इज लार्जर दॅन नांदेड’ असे नावे बदलून अचूक दिलेले आहे, म्हणजे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. छपाईपूर्वी उत्तरसूची कोणी नीट तपासली नाही, एवढेच. परंतु २०२३ च्या तलाठी भरतीसारख्या परीक्षेत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे आणि प्रत्येकाला २ गुण असताना, एका चुकीच्या उत्तराची किंमत गुणवत्ता यादीत शेकडो क्रमांकांनी मोजावी लागू शकते. मी हे मॅडमच्या लक्षात आणून दिले तेव्हा त्यांनी लगेच वर्गात दुरुस्ती लिहून दिली. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत मात्र ती चिकटवलेली मला दिसली नाही.

दुसरी उणीव अशी की, तुलनेची दुसरी बाजू जवळजवळ सुटून गेली. जास्त असण्यासाठी ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ जितके शिकवले गेले, त्याच्या दशांशही कमी असण्यासाठीचे ‘लेस’ आणि ‘लीस्ट’ शिकवले गेले नाहीत. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’, हा भेद तर एका ओळीत उरकला. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात ‘लेस वॉटर’ आणि ‘फ्यूअर टँकर्स’ यांतला फरक समजावून सांगायला उदाहरण शोधावेही लागत नाही, म्हणून ही कसर जास्त जाणवते. ‘द डीपर यू ड्रिल, द कॉस्टलिअर इट गेट्स’ हे ‘जितके-तितके’चे वाक्य मात्र त्यांनी बोअरवेलवरूनच समजावले आणि ते वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पहिल्या फटक्यात कळले, तीच हातोटी येथेही वापरता आली असती.

उच्चाराकडेही लक्ष दिले जात नाही. ‘लाँगर’ आणि ‘यंगर’मध्ये ‘ग’ स्पष्ट ऐकू येतो, हे लेखी परीक्षेला लागत नसले, तरी माझ्यासारख्या शिक्षकांना आणि मुलाखतीच्या तयारीतल्या उमेदवारांना त्याची गरज असते.

सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर खोली लहान आहे, बाकांवर दाटी होते आणि मार्च उलटल्यावर पंख्याचे वारे मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे चालत नाहीत. पिण्याच्या पाण्याचा जार भरलेला असतो. पुस्तिका झेरॉक्सची आहे. माझ्या प्रतीतील मधली काही पाने फिकट होती आणि मागितल्यावर ती बदलून मिळाली. शंका विचारणाऱ्यांसाठी मॅडम तास संपल्यावर थांबतात आणि कोणालाही घाई करत नाहीत, हे मला विशेष नोंदवावेसे वाटते.

दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता सरळसेवेच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना हा घटक सर्वाधिक उपयोगी पडेल. ज्यांना रूपांतराची सूत्रे आधीच पाठ आहेत आणि केवळ प्रश्नसंचांचा वेगवान सराव हवा आहे, त्यांना पहिले तास संथ वाटतील; त्यांनी ६०० रुपये प्रश्नपत्रिकांच्या सरावावर खर्च केलेले बरे. शाळेतील शिक्षकांनी तर जमल्यास जरूर बसावे, कारण येथे मुलांच्या चुका ऐकण्याची पद्धतही शिकायला मिळते.

प्रवेश घेताना सरावपुस्तिकेची उत्तरसूची दुरुस्त झाली आहे का, हे विचारून घ्यावे आणि झाली नसल्यास ‘ॲज-ॲज’च्या उत्तरांत नावांची अदलाबदल स्वतः तपासावी. वर्ग शनिवारी आणि रविवारी अशा दोन वेगळ्या तुकड्यांत भरतो. औसा, रेणापूर किंवा निलंग्याकडून येणाऱ्यांनी शनिवारची तुकडी घ्यावी. ती दुपारी असते, तर रविवारची संध्याकाळी सुरू होऊन शंकांमुळे बरीच लांबते आणि मग गावाकडची एसटी गाठताना धावपळ होते.